१.६ वरून ०.३०: कुपवाडच्या शेडमधील तांब्याची तार ओढण्याच्या नोंदी

आमचा व्यवसाय घरगुती वायरिंगची वायर बनवण्याचा आहे. १.५ चौ. मिमी च्या वायरमध्ये ०.३० मिमी च्या २२ तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि ही ०.३० ची तार गेली नऊ वर्षे आम्ही बाहेरून ओढून व मऊ करून आणत होतो. महिन्याला सुमारे तीन टन माल आणि किलोमागे ₹ २४ मजुरी, हा खर्च एक वेळ परवडला असता. परंतु ऐन हंगामात बॉबिनची, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळांची, आठ-आठ दिवस वाट पाहावी लागे आणि तेवढे दिवस पिळण्याचे मशीन रिकामे राही, हे परवडत नव्हते. म्हणून ओढण्याचे मशीन स्वतःच बसवायचे ठरवले. ८ मिमी च्या रॉडपासून १.६ मिमी पर्यंतचे काम करणारे मोठे मशीन आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यामुळे १.६ ची तार विकत घ्यायची आणि तिथून पुढचे ओढणे व मऊ करणे शेडमध्ये करायचे, एवढीच या प्रकल्पाची व्याप्ती आहे. लहान जागेत हेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका आणि खर्च जसेच्या तसे लिहिले आहेत.

३ फेब्रुवारी २०२५

मशीन ट्रकवरून उतरले. बंद पडलेल्या एका कारखान्यातून ₹ ६,४०,००० ला घेतलेले हे सोळा डायचे ओले मशीन आहे, म्हणजे डाय (बारीक भोकाचा साचा, ज्यातून ओढल्यावर तार बारीक व लांब होते) आणि कॅपस्टन (प्रत्येक डायपुढचे, तार ओढणारे फिरते चाक) या दोन्हींवर तेल मिसळलेल्या पाण्याचा मारा सतत चालू राहतो. वाहतूक आणि हायड्रा क्रेनचे भाडे मिळून ₹ ३८,००० झाले.

विकणाऱ्याने मशीनचे गुणोत्तर तोंडी सांगितले होते आणि कागद कोणताच दिला नव्हता, म्हणून मोटर तात्पुरती जोडून प्रत्येक कॅपस्टनचा पृष्ठवेग टॅकोमीटरने मोजला. प्रत्येक कॅपस्टन आधीच्यापेक्षा १.२० पट वेगाने फिरतो, हे त्यातून नक्की झाले. १.६ ची ०.३० होताना तारेचे क्षेत्रफळ २८.४४ पटीने घटते. ती घट सोळा डायमध्ये सारखी वाटली तर तार प्रत्येक डायमध्ये सुमारे १.२३३ पट लांब होते. मशीनचे १.२० आणि तारेचे १.२३३ यांतील फरकामुळे प्रत्येक टप्प्यावर कॅपस्टन तारेखाली थोडा घसरत राहतो आणि ही घसरण असावीच लागते, कारण ती शून्याखाली गेली की कॅपस्टन तार ओढण्याऐवजी तिला अडवू लागतो. एका टप्प्याची घसरण पावणेतीन टक्के असली तरी ती मागे मागे साचत जाते, त्यामुळे पहिला कॅपस्टन त्याच्यावरच्या तारेच्या जवळजवळ दीडपट वेगाने फिरत असतो. पहिल्या तीन कॅपस्टनवर नखात अडकतील एवढे चर का पडले होते, याचे उत्तर या आकड्यातच मिळाले.

ठरवलेली डायची मालिका अशी: १.४४१, १.२९८, १.१६९, १.०५३, ०.९४८, ०.८५४, ०.७६९, ०.६९३, ०.६२४, ०.५६२, ०.५०६, ०.४५६, ०.४११, ०.३७०, ०.३३३ आणि शेवटचा ०.३००. मशीनबरोबर आलेल्या लाकडी डब्यातले चौदा डाय या मालिकेशी जुळले आणि दोन नवे घेतले. शेवटचा ०.३०० चा डाय कृत्रिम हिऱ्याचा ₹ २,३०० ला आणि टंगस्टन कार्बाइडचा ₹ ४०० ला मिळत होता. चाचण्यांमध्ये तो खराब होणारच, या हिशेबाने कार्बाइडचा घेतला. (ही ओळ नंतर घातली आहे: १६ एप्रिलची नोंद पाहावी.)

११ फेब्रुवारी

पाया, वायरिंग आणि मोटरचा ड्राइव्ह यांवर ₹ ९६,००० खर्च झाले. चर पडलेले तीन कॅपस्टन घासून त्यांच्यावर कार्बाइडचा मुलामा देऊन आणले, ₹ ३१,०००. पहिल्या खेपेला वर्कशॉपने ते गुळगुळीत तर केले, पण व्यास सव्वा मिमी ने कमी करून पाठवले आणि तसेच बसवले असते तर मशीनचे गुणोत्तर त्या जागी बदलले असते. मूळ व्यास लिहून दिला नव्हता, ही चूक आमची होती. परत पाठवून जाड मुलामा देऊन घेतला. सहा दिवस गेले.

१७ फेब्रुवारी

टाकी ६०० लिटरची आहे. पाच टक्क्यांच्या हिशेबाने ३० लिटर ड्रॉइंग ऑइल बोअरच्या पाण्यात मिसळले. संध्याकाळी मिश्रण दुधासारखे पांढरे दिसत होते आणि पंप नीट चालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचे झाकण उघडले तेव्हा वर बोटभर जाडीचा पिवळट, साबणासारखा चिकट थर आला होता आणि खाली पाणी जवळपास नितळ झाले होते. थर काठीने हलवला तर त्याच्या दह्यासारख्या गुठळ्या होऊन नोझलमध्ये जाऊन बसल्या. पाणी तपासून घेतले तेव्हा कठीणपणा ५४० पीपीएम निघाला. त्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमने तेलातील साबण फाडला होता. ३० लिटर तेल, म्हणजे ₹ ७,८००, वाया गेले आणि पाइप, नोझल व टाकी धुण्यात दोन माणसांचे दोन दिवस गेले.

₹ ४२,००० चा आरओ संच बसवला आणि आता टाकीत जाणाऱ्या पाण्याचा कठीणपणा ३० पीपीएम च्या खाली आहे. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचे, तेलात पाणी नव्हे, हे डब्यावर छापलेले असते आणि तरीही आमच्या माणसाने उलटे केले होते. परंतु या वेळचे नुकसान त्याच्यामुळे झालेले नाही.

२१ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा तार भरली. हे काम शिकवायला तात्या आले आहेत. ते भोसरीच्या एका केबल कारखान्यात तीस वर्षे ओढण्याच्या खात्यात होते आणि निवृत्तीनंतर मिरजेला राहतात. पॉइंटिंग मशीनच्या रोलरमधून तारेचे टोक फिरवून फिरवून बारीक करायचे, ते डायच्या मागच्या तोंडातून घालून पुढून पकडीने धरायचे, हातभर ओढून कॅपस्टनवर दोन फेरे द्यायचे, पायाच्या पेडलने मशीन अर्धा फेरा सरकवायचे आणि पुढच्या डायसाठी पुन्हा टोक बारीक करायचे, असे सोळा वेळा. आम्हाला पाच तास लागले. तात्या म्हणाले की सवय झाल्यावर चाळीस मिनिटांत होते. डायची दिशा उलटी लागली तर तार आत जाते पण ओढल्यावर खरवडून निघते, आणि आम्ही सातवा डाय तसाच उलटा बसवला होता. डायचे मोठे, खोल तोंड तार आत येते त्या बाजूला असते, हे आता होल्डरवर रंगाने बाण काढून ठेवले आहे.

दुपारी चार वाजता सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने मशीन चालू केले. अकरा सेकंदांत तार तुटली.

२४ फेब्रुवारी

तीन दिवसांत तार एकोणीस वेळा तुटली. ४१ किलो तार मोडीत गेली आणि मोडीला नव्या मालापेक्षा किलोमागे सुमारे ₹ ८० कमी मिळतात, म्हणजे ₹ ३,२८० केवळ शिकण्याचे.

या काळात आम्ही काय काय केले, ते लाज न बाळगता लिहितो. आधी १.६ ची तारच खराब आहे असे ठरवून पुरवठादाराकडून दुसरे कॉइल मागवले. मग पाण्यातले तेलाचे प्रमाण सात टक्क्यांपर्यंत वाढवले. मग बॉबिन गुंडाळणाऱ्या स्पूलरचा ताण कमी केला, तो इतका की तार बॉबिनच्या कडेवरून उतरून शाफ्टला गुंडाळली आणि ती कापून काढायला दीड तास गेला. वेग सेकंदाला एक मीटरपर्यंत खाली आणला, तरी तार तुटतच राहिली.

तात्यांनी दोन दिवस काहीच न बोलता वहीत तुटण्याची जागा लिहून ठेवली होती. आज संध्याकाळी त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, “मालक, एकोणिसातल्या सतरा वेळा पंधराव्या कॅपस्टनच्या पुढेच तुटली आहे. तारेत खोट असती तर ती जागा बदलत राहिली असती.”

२७ फेब्रुवारी

शेवटचे डाय मोजायचे ठरले आणि इथे आमची खरी अडचण उघड झाली. आमच्याकडचा स्क्रू गेज ०.०१ मिमी पर्यंतच दाखवतो. पंधराव्या डायमधून निघालेली तार त्याच्यात ०.३३ भरते आणि डायच्या टिकलीवर, पुसट झालेली का होईना, ०.३३ अशीच खूण आहे. म्हणून आम्ही समाधानी होतो.

तात्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. डाय व्हाइसमध्ये धरून हाताने तार ओढली, स्टीलचा टेप शेडच्या फरशीवर अंथरून तिचा बरोबर दहा मीटरचा तुकडा कापला, तेलकटपणा थिनरने पुसला आणि असे शेवटच्या सहा डायचे सहा तुकडे छोट्या छोट्या गुंडाळ्या करून, पाकिटांवर क्रमांक घालून, सांगलीच्या पेठेतल्या ओळखीच्या सराफाकडे नेले. त्यांच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो. ते दागिने तोलायच्या त्याच पितळी ताटलीत आमच्या तांब्याच्या गुंडाळ्या ठेवत होते आणि आम्ही कागदावर आकडे लिहीत होतो. तांब्याची घनता ८.८९ धरली तर ०.३०० मिमी ची दहा मीटर तार ६.२८ ग्रॅम भरायला हवी. ती तेवढीच भरली. ०.३७० ची ९.५६ हवी, ९.५५ भरली. ०.३३३ ची ७.७४ हवी होती आणि ती ७.३८ भरली.

७.३८ म्हणजे ०.३२५ मिमी. डब्यात कोणत्या तरी दुसऱ्या मालिकेचा डाय येऊन बसला होता आणि ०.३२५ हा आकडा आमच्या स्क्रू गेजवर ०.३२ व ०.३३ च्या मधोमध पडून डोळ्याला ०.३३ च दिसत होता. आठ हजारांश मिलिमीटरचा हा फरक काय करतो, ते कागदावर मांडल्यावर लगेच दिसले. ०.३२५ ची ०.३०० होताना तार १.१७४ पटच लांब होते आणि मशीन मात्र त्या जागी १.२० पट धरून चालते. त्यामुळे पंधराव्या कॅपस्टनवर तारेला कॅपस्टनपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त वेगाने पुढे जायचे होते आणि कॅपस्टन तिला ब्रेक लावत होता.

हेच ०.००८ मिमी चौथ्या किंवा पाचव्या डायमध्ये चुकले असते तर काहीही बिघडले नसते, कारण तिथे साचलेली घसरण तीस-चाळीस टक्के असते आणि थोडीफार चूक ती पोटात घालते. शेवटच्या डायच्या लगत मात्र फक्त पावणेतीन टक्के हातात असतात. सोळाही डाय सारख्याच काळजीने निवडण्यात आम्ही शक्ती घालवली होती. ती चौदा, पंधरा आणि सोळा या तिघांवर घालवायला हवी होती.

येताना ०.००१ मिमी चा डिजिटल मायक्रोमीटर आणि सराफी काटा, दोन्ही मिळून ₹ १४,५०० ला घेऊन आलो. खरे सांगायचे तर मायक्रोमीटरपेक्षा काट्यावर आमचा विश्वास जास्त आहे, कारण तार जरा अंडाकृती असली की मायक्रोमीटर प्रत्येक बाजूने वेगळे बोलतो.

४ मार्च

०.३३३ चा नवा डाय आला. पहिला प्रयत्न सेकंदाला चार मीटरने केला आणि तार तुटली नाही; सात मीटरपर्यंत नेली तरीही नाही. पहिले पूर्ण बॉबिन निघाले: २० किलो, म्हणजे जवळजवळ ३२ किलोमीटर तार.

८ मार्च

सुरळीत चाललेले काम परवापासून पुन्हा बिघडले. या वेळी तार कोणत्याही जागी तुटते आहे, कधी सहाव्या डायमध्ये तर कधी तेराव्यात. तात्यांच्या नियमाप्रमाणे आता दोष तारेत शोधायला हवा होता. तुटलेली टोके भिंगाखाली पाहिली. ताणाने तुटलेले टोक निमुळते होऊन तुटते. या टोकांपैकी बऱ्याच ठिकाणी निमुळतेपणा नव्हता आणि कडेला एक काळा कण रुतलेला दिसत होता.

पुरवठादाराला फोन लावण्याआधी कॉइलवरून पांढरे फडके फिरवले आणि फडक्याखाली लोहचुंबक धरला, तेव्हा फडक्यावरचे काळे कण चुंबकाबरोबर सरकू लागले. ते लोखंडाचे होते आणि आमचेच होते: फिटरने परवा मशीनच्या संरक्षक जाळीचे ब्रॅकेट उघड्या कॉइलपासून चार फुटांवर ग्राइंडरने घासले होते. ग्राइंडिंगच्या ठिणग्या तारेवर जाऊन बसल्या आणि डायने त्या तांब्यात दाबल्या. १.६ च्या तारेवर अशा कणाने काही बिघडत नाही, तार बारीक होत गेली की तोच कण तिच्या जाडीच्या मानाने मोठा होतो. तीन कॉइलचे वरचे थर, ५८ किलो, मोडीत काढले. ग्राइंडर आता शेडच्या बाहेर, शौचालयाच्या भिंतीपाशी आहे आणि कॉइलवर ताडपत्री असते.

तार ओढली जात असताना मशीनचे झाकण बंदच असले पाहिजे, हेही याच दिवशी ठरले. भरायला सोपे जावे म्हणून झाकणाचा लिमिट स्विच (झाकण उघडताच मशीन थांबवणारा) आम्ही तारेचा तुकडा घालून दाबून ठेवला होता. तुटलेल्या तारेचे टोक चाबकासारखे फिरले आणि मदतनिसाच्या मनगटावर तीन टाक्यांची जखम झाली. तुकडा काढून टाकला आहे.

१९ मार्च

वेग सेकंदाला दहा मीटर; तासाला सुमारे साडेबावीस किलो. उन्हाळा सुरू झाला आहे आणि दुपारी दोन वाजता टाकीतले मिश्रण ५४ अंशांवर गेले. तार तुटत नाही, पण तिचा रंग मंद पडतो, हाताला खरखरीत लागते आणि सकाळच्या बॉबिनशेजारी दुपारचे बॉबिन ठेवले तर वेगळे ओळखू येते. ४५ च्या वर तापमान जाऊ द्यायचे नाही, हा तात्यांचा नियम. स्टीलच्या नळीचे वेटोळे टाकीत सोडून छपरावर लहान कूलिंग टॉवर बसवला, ₹ ४६,०००. आता दुपारी ४१ ते ४२.

रविवारी मशीन बंद असते आणि सोमवारी टाकीला कुजका वास येतो. रविवारी वॉचमनने सकाळ-संध्याकाळ अर्धा तास पंप चालवायचा, एवढ्याने तो वास पुष्कळ कमी झाला.

२४ मार्च

ओढलेली तार कडक असते. ती मऊ केल्याशिवाय पिळता येत नाही. यासाठी खड्ड्यात बसवलेली विजेची भट्टी ₹ २,७५,००० ला घेतली आहे: बंद भांडे, त्यात नायट्रोजन. हायड्रोजन मिसळलेला वायू स्वस्त पडेल असे एकाने सुचवले होते, पण आमचे तांबे साध्या विद्युत दर्जाचे आहे आणि त्यात थोडा ऑक्सिजन असतोच. तापलेल्या तांब्यात हायड्रोजन शिरला की त्या ऑक्सिजनशी मिळून आतल्या आत वाफ होते आणि तार ठिसूळ पडते. तो विचार सोडून दिला.

पहिली खेप: बारा बॉबिन, ४२० अंश, तीन तास. दुसऱ्या दिवशीची ऑर्डर डोक्यावर होती म्हणून भांडे १४० अंशांवरच उघडले आणि डोळ्यांदेखत वरचा थर सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळट काळा पडत गेला. पिळण्याच्या मशीनवर लावले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: आतले थर एकमेकांना चिकटले होते आणि तार बॉबिनवरून सुटताना टरटर आवाज करत तुटत होती. बारापैकी सात बॉबिन मोडीत.

३० मार्च

पाडवा. पाडव्याला आपल्या तारेची पहिली वायर ग्राहकाला द्यायची, असे जानेवारीत ठरवले होते. मशीनची पूजा तेवढी केली.

५ एप्रिल

मऊ करण्याच्या पाच खेपा झाल्या. तापमान २६० वर आणले तर चिकटणे थांबले, पण बॉबिनच्या पोटातली तार अर्धवट कडक राहिली. ताणून पाहिल्यावर बाहेरची २२ टक्के लांब होऊन तुटत होती आणि आतली ९ टक्क्यांवरच. थर्मोकपल भांड्याच्या भिंतीजवळ होता आणि तो भिंतीचे तापमान सांगत होता, मालाचे नव्हे. तो मधल्या बॉबिनच्या पोकळीत सोडला तेव्हा भिंत तापल्यावर माल तिथवर पोचायला सव्वा तास जास्त लागतो, असे दिसले. आता पोकळीतले तापमान ३०० झाल्यापासून तीन तास मोजतो. स्पूलरचा ताण एक तृतीयांशाने कमी केला आहे, कारण घट्ट गुंडाळलेले थरच चिकटत होते. आणि भांडे ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडायचे नाही. म्हणजे रात्रभर थांबायचे. किल्ली आता तात्यांकडे असते.

आतून बाहेरून २१ ते २४ टक्के. रंग गुलाबी.

९ एप्रिल

२२ तारा पिळून पहिली वायर केली आणि तिचा रोध मोजला: १२.१२ ओहम प्रति किमी. आम्ही ज्या वर्गाखाली वायर विकतो त्याला आयएस ८१३० या भारतीय मानकामध्ये १.५ चौ. मिमी साठी मर्यादा १२.१ आहे. सगळ्यांचे चेहरे उतरले. २२ तारांचे क्षेत्रफळ १.५५५ चौ. मिमी होते आणि पिळण्याने वाढलेली लांबी धरूनही रोध साडेअकराच्या आतच यायला हवा होता. कोणी म्हणाले तांबे भेसळीचे, कोणी म्हणाले भट्टीने बिघडवले.

दोन तासांनी लक्षात आले की मर्यादा २० अंश तापमानाची आहे आणि शेडमध्ये त्या वेळी ३६ होते. तांब्याचा रोध अंशाला ०.३९३ टक्के वाढतो. सोळा अंशांचे ६.३ टक्के वजा केल्यावर आकडा ११.४ झाला. नऊ वर्षे वायर बनवूनही हे विसरलो, कारण हिवाळ्यात ती चूक कधी बोचली नव्हती. मोजणीच्या टेबलावर थर्मामीटर टांगला आहे.

१६ एप्रिल

तार पुन्हा पंधराव्या कॅपस्टनच्या पुढे तुटू लागली. या वेळी कोणी स्पूलरला हात लावला नाही. सरळ दहा मीटरचे दोन तुकडे काट्यावर ठेवले. पंधराव्याची ७.७४, जशी हवी तशी. शेवटच्या डायची ६.२८ ऐवजी ६.४५. म्हणजे ०.३०० चा डाय झिजून ०.३०४ झाला होता आणि ०.३३३ ची ०.३०४ होताना वाढ बरोबर १.२० येते: घसरण शून्य. भिंगाखाली कार्बाइडच्या तोंडात, तार पहिल्यांदा टेकते त्या जागी, अंगठीसारखे वळे कोरलेले दिसले. त्यातून एकूण ११५० किलो तार गेली होती.

तार तुटण्याचा त्रास दिसतो तरी. न दिसलेला तोटा मोठा होता. ०.३०४ च्या तारेत ०.३०० पेक्षा सुमारे २.७ टक्के जास्त तांबे जाते. ग्राहक मीटरने पैसे देतो आणि आम्ही तांबे किलोने घेतो. ₹ ९०० भावाने दर शंभर किलोमागे सुमारे ₹ २,४०० आम्ही वायरमध्ये भरून फुकट दिले, अर्थात झीज हळूहळू होत गेल्यामुळे पूर्ण ११५० किलोवर नाही. डाय घेताना वाचवले होते ₹ १,९००.

कृत्रिम हिऱ्याचे ०.३०० चे दोन डाय मागवले, एक लावायला आणि एक हाताशी. दररोज सकाळच्या पहिल्या बॉबिनमधून दहा मीटर काढून तोलायचे आणि ६.३४ ग्रॅमच्या वर गेले की डाय पॉलिशला पाठवून त्याला पंधराव्याच्या किंवा त्याच्याही मागच्या जागी चढवायचे, असा नियम केला आहे.

२८ एप्रिल

नव्या डायमधून १३०० किलो झाले आणि आज सकाळचे वजन ६.२८ च आहे. गेल्या दहा दिवसांत तार चार वेळा तुटली. त्यांपैकी तीन वेळा दोन कॉइलच्या बट वेल्डिंगच्या जोडावर, आणि जोडाजवळचा फुगीर भाग कानस लावून नीट काढला नव्हता, हे कारण तिन्ही वेळा तेच. मोडीचे प्रमाण पहिल्या महिन्यात ११ टक्के होते, आता दीड टक्क्याच्या आसपास आहे.

एकूण खर्च ₹ १२,२४,६०० झाला, मोडीतला तोटा धरून आणि तात्यांचे मानधन न धरता. अंदाज ₹ ९,५०,००० चा होता. आरओ आणि कूलिंग टॉवर हे दोन्ही अंदाजात नव्हतेच. ओढणे आणि मऊ करणे मिळून आम्हाला वीज, तेल, नायट्रोजन व मजुरीसह किलोला साडेतेरा रुपये पडतात, म्हणजे बाहेरच्या ₹ २४ पेक्षा साडेदहा कमी. महिन्याला तीन टनांवर हे पैसे फिटायला तीन वर्षांहून जास्त लागतील. महिन्याला एक-दीड टनच तार लागणाऱ्याने हे मशीन घेऊ नये, असे मी आज तरी सांगेन. आम्ही ते परत विकणार नाही, कारण या महिन्यात पिळण्याचे मशीन तारेसाठी एक दिवसही थांबले नाही.

पुढच्या आठवड्यात ०.२५ च्या तारेची मालिका मांडायची आहे. तात्यांनी लाकडी डब्याच्या झाकणावरच्या जुन्या टिकल्या खरवडून काढल्या आहेत आणि प्रत्येक डायच्या खाचेपुढे व्यासाऐवजी दहा मीटर तारेचे वजन मार्करने लिहिले आहे. पंधराव्यापुढे ७.७४.